मेम्फिसच्या ताईस

प्रिय ताई,

फोनवर तुझे आभार मानायला गेलं की तू "बरं बरं, पुरे" म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून हे उघड पत्र. पॉवर पॉप (लखलखत्या गिटारींचं, गोड चालींचं रॉक) आणि सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत) ऐकणारे आपल्याकडे विखुरलेले आहेत. तू मला जे समजावलंस ते त्यांच्याही कामी यावं, हाही हेतू आहे.

मी तुला एवढंच विचारलं होतं की सध्या नवीन काय ऐकू. तू नावं दिलीसच, पण त्याआधी थेट १९७२ सालात नेऊन बसवलंस. त्या साली तिकडे अमेरिकेत तुझ्या मेम्फिसमध्ये रॉयल स्टुडिओत सोल गायक अल ग्रीन गात होता, आणि त्याच शहरात आर्डेंट स्टुडिओत बिग स्टार नावाच्या बँडची चार पोरं 'नंबर वन रेकॉर्ड' हा अल्बम करत होती. एकीकडे सोल, दुसरीकडे गिटारींचा लखलखाट आणि गोड हार्मनी. मी या दोन गोष्टी कायम वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. तू सांगितलंस की बिग स्टारचा अ‍ॅलेक्स चिल्टन १९६७ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, बॉक्स टॉप्स या बँडबरोबर 'द लेटर' गायला तेव्हा त्याच्या गळ्यात सोलच होता. आर्डेंटच्या रेकॉर्डी बाजारात पोचवायचं काम मेम्फिसच्याच स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडे होतं, म्हणजे सोलच्या घराकडेच. आणि 'फील' या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात मध्येच ब्रास (फुंकून वाजवायची वाद्यं) वाजतो, तो ऐक म्हणालीस. ऐकला, आणि ते दोन्ही कप्पे एक झाले.

बिग स्टारची ती रेकॉर्ड तेव्हा दुकानांत धड पोचलीच नाही. वितरणाच्या भानगडीत अडकली. नंतरच्या कितीतरी बँड्सनी तिच्यातून उचललं, पण बिग स्टारच्याच क्रिस बेलला ते बघायला मिळालं नाही. १९७८ मध्ये मोटार अपघातात तो गेला. हे सांगताना तुझा आवाज जड झाला होता. आर्डेंटच्या जॉन फ्रायबद्दल मात्र तू भरभरून बोललीस. त्याने या पोरांना रेकॉर्डिंग शिकवलं आणि स्टुडिओ रिकामा असला की वापरू दिला. असं कुणीतरी पाठीशी असल्याशिवाय ती रेकॉर्ड झालीच नसती, हे मला पटतं.

स्टॅक्सच्या म्युझियममधून पाठवलेला तुझा व्हिडिओ मी जपून ठेवलाय. मूळ इमारत १९८९ मध्येच पाडली, हे उभारलंय ते त्याच जागेवर. पण जुनं सिनेमा थिएटर होतं म्हणून स्टुडिओची जमीन जशी उतरती होती तशीच इथेही ठेवलीय. तू त्या उतारावरून चालत गेलीस आणि भिंतींकडे कॅमेरा फिरवून म्हणालीस, "बघ, समोरासमोर भिंती नीट समांतर असल्या की आवाज आपटत राहतो, इथे तसं नाही."

पण सगळ्यात मोठं देणं ठेक्याचं. तू म्हणालीस, "शब्द सोड, चार ठोक्यांतला फक्त दुसरा आणि चौथा ऐक." १९६५ मध्ये सोल गायक विल्सन पिकेटच्या 'इन द मिडनाइट अवर' या गाण्याच्या वेळी निर्माता जेरी वेक्सलर स्टॅक्सच्या स्टुडिओत येऊन नाचून दाखवू लागला, की हल्लीची पोरं या ठोक्यांवर अशी झुकतात. अल जॅक्सनचा ड्रम आणि स्टीव्ह क्रॉपरची गिटार मग त्या ठोक्यांवर किंचित, अगदी केसभर, उशिरा पडू लागली. दोघं एकत्र उशिरा. लय पडत नाही, रेलून बसते. हे एकदा कानाला लागलं आणि माझं ऐकणंच बदललं.

आता नवीन नावांकडे. दी सेक्रेड सोल्स, सॅन डिएगोचा सोल बँड. २०२२ चा पहिला अल्बम आणि २०२४ चा 'गॉट अ स्टोरी टू टेल', दोन्ही मी अक्षरशः झिजवलेत. गायक जॉश लेन आवाज चढवत नाही. सुरावर हलकेच येतो आणि तिथेच थांबतो, आणि अ‍ॅलेक्स गार्सिया मागे ड्रमवर कसली म्हणून घाई करत नाही. मला पहिला अल्बम जास्त आवडतो. दुसऱ्यात सफाई आहे, पहिल्यात 'कॅन आय कॉल यू रोझ?' आहे.

लेमन ट्विग्ज हा बँड म्हणजे डॅडारिओ बंधू, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे. 'एव्हरीथिंग हार्मनी' २०२३ चा, 'अ ड्रीम इज ऑल वी नो' २०२४ चा. 'कॉर्नर ऑफ माय आय' हेडफोनवर ऐक म्हणाली होतीस. दोन सख्ख्या भावांचे आवाज इतके जवळ चालतात की वरचा कुठला आणि खालचा कुठला हे ओळखायला मला बरेच दिवस लागले, आणि ते दिवस फार सुखाचे गेले. जुन्याची नक्कल म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी मी आता भांडतो. नक्कल करून एवढी चाल सुचत नाही.

टीनएज फॅनक्लब या स्कॉटिश बँडचा २०२३ चा 'नथिंग लास्ट्स फॉरएव्हर' संध्याकाळी लावतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुझं आणि माझं एकमत आहेच.

सध्या डुरँड जोन्स अँड दी इंडिकेशन्स या सोल बँडचा २०२५ चा 'फ्लॉवर्स' सुरू आहे. अ‍ॅरन फ्रेझर ड्रम वाजवतो आणि तोच ते उंच पातळ सूर लावतो, हे मला अजून नवलाचं वाटतं. ठोका मागे ठेवायचा आणि गळा त्याच्याही वर तरंगता ठेवायचा, हे एकाच माणसाला कसं जमतं, ते तुझ्याकडून ऐकायचंय. मोठा मेसेज पाठव, दहा मिनिटांचा असला तरी चालेल.

ताई, कामावरून थकून आल्यावरही तू माझ्यासाठी एवढा वेळ काढलास. फार फार आभार. आईने तुझ्यासाठी मेतकूट आणि भाजणी बांधून ठेवलीय. पत्ता जुनाच ना, ते कळव.

तुझा धाकटा भाऊ