गटारीच्या आधी

चि. अनिकेत यास पप्पांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो की आपलं भांडण होतं, आणि मोबाइलवर लांबलचक काही पाठवलं की वाचताना तुझं डोकं ठणकतं. म्हणून कागद घेतला. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. एका दमात वाचू नकोस.

गटारी गुरुवारी आली म्हणून तुमची मंडळी बुधवारीच मुळशीला जमणार आहेत, हे आईकडून कळलं. तिला तू ‘फक्त जेवायला चाललोय’ म्हणालास. तिला पटलंही. मी नोकरीत इतक्या गटारी केल्यात, की फक्त जेवायला कोण जातं ते मला माहीत आहे. मी काही माळकरी नाही. दारू वाईट, हे तुला सांगायला मला तोंडही नाही. पण जूनमध्ये वाकडला खड्ड्यात गाडी घसरून तू डोक्यावर आपटलास, त्याला अजून सात आठवडेही झाले नाहीत.

‘माइल्ड’ या शब्दानं आपला सगळ्यांचा घोटाळा केला. केसपेपरवर ‘माइल्ड हेड इंज्युरी, जीसीएस 15’ असं लिहिलेलं होतं, सीटी नॉर्मल होता, आणि मीच सगळ्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं की किरकोळ आहे. पुढच्या तपासणीला तू बाहेर बसला होतास तेव्हा मी डॉक्टरांना नीट विचारलं. ते म्हणाले, पेशंट डोळे उघडतो का, धड बोलतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, यावर जीसीएसचे गुण देतात. 13 ते 15 आले की माइल्ड. त्रास किती दिवस पुरेल याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. बहुतेक लोक काही आठवड्यांत सावरतात, काहींना महिने लागतात. आणि सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. हिसका बसून आतल्या बारीक तंतूंवर ताण आला असेल तर तो दिसत नाही. हे मला लगेच समजलं. बत्तीस वर्षं विजेच्या लाइनवर काढली. केबल वरून कोरी करकरीत दिसते, आणि संध्याकाळचा लोड आला की उडते.

दहा दिवस घरी होतास तेव्हा मी बघत होतो. ट्यूब लावली की डोळ्यांवर हात. कुकरची शिट्टी झाली की दचकायचास. आईला एकच गोष्ट तीनदा विचारलीस. चिनूनं रिमोट उचलला म्हणून त्या पोरावर असा खेकसलास की ते रडत पायरीवर जाऊन बसलं. तुझा हा स्वभाव नाही. रात्री एक-दोनला जागा असायचास, तेही मला माहीत आहे, कारण मीही जागाच असायचो.

त्यात तू मागे एक बिअर घेतलीस. आईला मी बोललेलो नाही. तूच म्हणालास, “पप्पा, एकातच पूर्वीच्या तिनाएवढी चढली.” तुला त्याची गंमत वाटली, मला नाही वाटली. डॉक्टरांना मी तुझं नाव न घेता विचारलं (त्यांनी ओळखलं असणार). ते म्हणाले, असंच होतं. मार लागलेल्या मेंदूला दारू लवकर लागते. तोल, नजर, विसराळूपणा, चिडचिड, जे आधीच लंगडं आहे, तेच दारू आणखी लंगडं करते. दारूनं झोप लागते म्हणतोस ना, ती पहाटे मोडते, आणि तुला सध्या औषध म्हणून काही हवं असेल तर सलग झोप. शिवाय रात्रीच्या डोकेदुखीच्या गोळीनं मुळातच गुंगी येते.

पण माझी खरी भीती याहून वेगळी आहे.

आमच्या सेक्शनला एक हेल्पर होता. पन्नाशी उलटलेली, रोजची सवय. शिडीवरून घसरून डोकं आपटलं, उठला, चहा प्याला, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. पुढं तीनेक आठवड्यांनी त्याचं चालणं बिघडलं, बोलताना जीभ जड झाली, कुठंही बसला की पेंगायचा. आम्ही सगळे हसायचो. ‘आज सकाळीच लावून आलाय.’ मीही हसलो आहे. एक दिवस त्याच्या हातातून पक्कड गळून पडली आणि ती त्याला उचलता येईना, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत गेलं होतं. भोकं पाडून काढलं. वाचला, पण पुन्हा खांबावर चढला नाही.

आता तो कागद काढ, इमर्जन्सीत आपल्याला दिलेला. उलट्या होणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे, गुंगी येणे, असं काही झालं तर ताबडतोब परत आणा. मुळशीच्या त्या बंगल्यावर रात्री बारा वाजता हे सगळं कुणाकुणाला होत असेल सांग बरं? त्यात तुला झालं तर तुझे मित्र काय करतील? कुशीवर वळवून पांघरूण घालतील आणि म्हणतील, चढलीय, झोपू द्या. पोरं वाईट नाहीत. अपघाताच्या रात्री तीच धावली. पण त्यांना कसं कळणार? आम्हाला दिवसाढवळ्या कळलं नव्हतं.

पावसाळ्यात त्या बंगल्याच्या फरशीवर शुद्धीत असलेला माणूसही घसरतो. पहिली इजा भरली नसताना त्याच डोक्याला पुन्हा मार बसला तर तो साधा राहत नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय. तू तेव्हा मोबाइल बघत होतास.

‘किती दिवस?’ असं तू चिडून विचारलंस. तारीख माझ्याकडे नाही. डोकेदुखी, चक्कर पूर्ण थांबेपर्यंत, आणि ऑगस्टच्या तपासणीत डॉक्टर स्वतः हो म्हणेपर्यंत एक थेंबही नाही. बिअरही नाही, ‘नुसती टेस्ट’ही नाही. मित्रांना ‘डॉक्टरांनी बंदी घातलीय’ सांगायला तुला कमीपणा वाटत असेल, तर ‘बाप खडूस आहे’ म्हणून सांग. मला चालेल, लाइनमनला लोकांनी याहून वाईट म्हटलेलं आहे.

त्यापेक्षा बुधवारी इकडेच ये. मटण मी आणतो, आई पांढरा रस्सा करेल, तोंडी लावायला सुकं. माझी बाटली कपाटात आहे, ती या वर्षी मीही उघडणार नाही. गुरुवारी दिव्याची अवस, आईनं आतापासूनच समया चिंचेनं घासायला काढल्यात. त्या उचलून ठेवायला तिला कुणीतरी हवंच आहे.

येताना एसटीनं ये, गाडीनं नको. खिडकीकडं बस, मोबाइल बघू नकोस. आणि ते तडा गेलेलं हेल्मेट अजून दाराला टांगलेलं आहे असं आई म्हणाली. एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. टाकून दे. कराडला आलास की नवीन घेऊ.

स्वारगेटला गाडीत बसलास की मिसकॉल दे, मी स्टँडवर येतो.

तुझा,
पप्पा