मुदत फक्त आमच्या मुलींनाच का?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सा. न. वि. वि.

साहेब, मी अंगणवाडी सेविका आहे. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री होस्टेलवरून तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की वाटलं, आजारी आहे. म्हणाली, "आई, ऑफिसातले सर म्हणतात, स्कॉलरशिपच्या फॉर्मची तारीख गेली. आता सगळी फी भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही."

फॉर्म तिने वेळेत भरला होता. तो परत आला, कारण जोडलेला उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपला होता. बरं, ती चूक आमची. दुसऱ्याच दिवशी मी सेतूत नवा अर्ज टाकला. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, आणि उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत 15 दिवसांची आहे. मला 41 दिवस लागले. तलाठी भाऊसाहेबांकडे तीन सजांचा, म्हणजे तीन गावगटांचा कारभार. ते भेटले तर सर्व्हर बंद, सर्व्हर चालू तर सही करणारे साहेब मीटिंगला. आठ-नऊ खेपा झाल्या. दर खेपेला अंगणवाडी मदतनीस बाईंवर टाकून सकाळची एसटी धरायची आणि टोकनची पावती घेऊन खिडकीपाशी उभं राहायचं. घड्यांवर ती पावती आता फाटत आलीय. दाखला हातात पडला तेव्हा स्कॉलरशिपचं पोर्टल बंद होऊन चार दिवस झाले होते.

15 दिवसांची मुदत कार्यालयाने मोडली. त्यासाठी कायद्यात 500 ते 5000 रुपये दंड आहे. तो कोणी भरला? माझ्या मुलीला मात्र दंड लगेच झाला, अख्ख्या वर्षाच्या फीचा. 62 हजार.

तिचे वडील म्हणत होते, तालुक्यालाच बीएस्सी करू दे. मी भांडले. 8 जुलै 2024 चा तुमच्या खात्याचा जीआर त्यांना मोबाईलवर वाचून दाखवला. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ. त्या कागदाच्या भरवशावर मी पोरीला घराबाहेर पाठवलं. आता ते मला काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आणि त्याच जुलैत आम्ही काय करत होतो? लाडकी बहिणीचे फॉर्म भरत होतो. मी एकटीने तीनशेच्या वर भरले असतील, रात्री अकरापर्यंत, मोबाईल चार्जिंगला लावून. तेव्हा शेवटची तारीख आधी 15 जुलै होती. दाखल्यांसाठी तहसीलला रांगा लागल्या, तशी ती 31 ऑगस्ट झाली, मग 30 सप्टेंबर. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको, असंही ठरलं. चांगलंच केलं, मी त्याच्या विरोधात नाही. पण तेच केशरी कार्ड माझ्या घरात आहे. बाईच्या 1500 रुपयांना ते चालतं आणि तिच्या मुलीच्या शिक्षणाला चालत नाही, हे कोणत्या न्यायाने?

माझं मानधन सरकारच माझ्या खात्यात टाकतं. मग माझं उत्पन्न किती हे सरकारला कळावं म्हणून मी सरकारच्याच दारात 41 दिवस उभी राहते, सरकारचाच कागद घेते आणि तो सरकारलाच नेऊन देते. मधल्या मध्ये पोरीचं वर्ष जातं. ती सांगते, कॉलेजात अशा साठ-सत्तर मुली आहेत. मग राज्यात किती हजार असतील? कोणी मोजतं का? पोषण आहाराची माहिती एक दिवस उशिरा गेली तर आम्हाला नोटीस येते. दाखला 26 दिवस उशिरा देणाऱ्याला नोटीस आल्याचं मी उभ्या नोकरीत ऐकलेलं नाही.

शिक्षण शुल्काच्या योजनेला तुम्ही राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलंत. त्यांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड लावला. मी तर पाठवलंय, साहेब. अडवलंय तुमच्या खिडक्यांनी.

पोर्टल आठ दिवस उघडा. सेतूच्या टोकनवरची तारीख हीच कागद दिल्याची तारीख धरा. तोवर मुलींचे परीक्षेचे फॉर्म अडवू नका, असं कॉलेजांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं तिथे कोणी ऐकत नाही.

काल मी पतसंस्थेत जाऊन आले. गळ्यातली पोत आणि कानातली फुलं मिळून 38 हजार देतो म्हणाले. पोत अजून दिलेली नाही. परीक्षेच्या फॉर्मला सोमवारपर्यंत वेळ आहे आणि पतसंस्था शनिवारी दुपारी दोनपर्यंत उघडी असते.

आपली,
एक अंगणवाडी सेविका