सूचना : डोंगरावरून ड्रोन उडवताना उंचीचा हिशोब

पावसाळा सरला की सदस्यांची पावलं मुळशीकडे वळतात, म्हणून आत्ताच सांगतो.

स्क्रीनवर दिसणारी उंची ही टेक-ऑफच्या जागेपासूनची असते. नियमातली ४०० फुटांची (१२० मीटर) मर्यादा मात्र ड्रोनच्या खाली असलेल्या जमिनीपासून मोजतात. कड्यावरून उडवून ड्रोन दरीवर नेला, तर आकडा ६० मीटर दाखवत राहतो. दरी २०० मीटर खोल असेल तर तुम्ही २६० मीटरवर असता. त्यामुळे कड्याला धरूनच उडवा. उलट, पायथ्यापासून चढणीकडे नेताना जमीन वर येत जाते. सिग्नल तुटला की ड्रोन 'रिटर्न टू होम'च्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत परततो. मध्ये डोंगराची सोंड आली तर थेट आदळू शकतो. म्हणून ही परतीची उंची वाटेतल्या सर्वात उंच अडथळ्याहून २०-३० मीटर जास्त ठेवा. ती मर्यादेत बसत नसेल तर जागा बदला. सुरुवातीला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जा, म्हणजे उतरत्या बॅटरीवर वाऱ्याशी झुंजावं लागत नाही.

परवानगीचं थोडक्यात: लोहगाव विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन (जिथे उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही) २०० फुटांपर्यंतच आहे. खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, तिथे जवळपाससुद्धा नको. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा उड्डाणाच्या दिवशीच पाहा, कारण झोन बदलतात. ॲपने मोटर सुरू होऊ दिली म्हणजे परवानगी मिळाली, असं अजिबात नाही. नॅनो (२५० ग्रॅमपर्यंतचा) सोडून मोठा ड्रोन आणणाऱ्यांनी विम्याची प्रत सोबत ठेवावी.