चिऊचं कॉलेज आणि तुमची एफडी

एडिसन, न्यू जर्सी
३ मे २०२६

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, चिऊच्या कॉलेजसाठी एफडी मोडू नका. हे आधीच लिहून टाकतो, कारण तुम्ही मंगळवारी बँकेत जाणार असं आई फोनवर म्हणाली. चिऊचं ठरलं. १ मे ही इथं कॉलेजला होकार कळवायची शेवटची तारीख. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं रटगर्सला होकार कळवला. आमच्या राज्याचंच सरकारी विद्यापीठ, घरापासून जवळ. विषय बायोलॉजी. बॉस्टनचं खासगी कॉलेज सोडलं. का सोडलं ते फोनवर धड सांगता आलं नाही आणि तुमची हयात बँकेत गेली, आकडे कागदावर दिसल्याशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही.

बॉस्टनचं पत्र आलं तेव्हा आम्ही हुरळलोच होतो. वर्षाचा खर्च ८८ हजार डॉलर आणि खाली 'एकूण मदत ७० हजार'. मग हिनं हायलायटर घेतला आणि एकेक ओळ रंगवली. खरी स्कॉलरशिप ४२ हजार. अडीच हजार चिऊनं कॉलेजातच काम करून कमवायचे. साडेपाच हजार तिच्या नावावर कर्ज. उरलेले २० हजार, तेही 'मदत' याच मथळ्याखाली, म्हणजे आम्ही आई-बापांनी काढायचं सरकारी कर्ज! तुमच्या शाखेत कुणी कर्जाला मदत म्हणून दाखवलं असतं तर तुम्ही त्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं असतं. वर आमच्या खिशातले १८ हजार वेगळेच.

या पालकांच्या कर्जाचा यंदाचा दर ८.९४ टक्के आहे. शिवाय पैसे हातात पडण्याआधीच सव्वाचार टक्क्यांच्या आसपास फी कापतात. येत्या जुलैपासून त्याला मर्यादाही आली आहे, एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार. म्हणजे तीन वर्षं २०-२० काढले की चौथ्या वर्षी ५ हजारच मिळणार. बाकीच्यासाठी खासगी बँक आणि जामीन मी. ६५ हजार म्हणजे रुपयांत पन्नास लाखांच्या वर. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला आठशे डॉलरवर हप्ता, तोही मी साठीकडे झुकलेलो असताना.

मुलांच्या स्वतःच्या कर्जाचं गणित बरं आहे. सरकार पहिल्या वर्षी साडेपाच, दुसऱ्या वर्षी साडेसहा आणि पुढं दोन वर्षं साडेसात हजार देतं, म्हणजे चार वर्षांत २७ हजार. जामीन लागत नाही, यंदाचा दर ६.३९. आमच्यासारख्यांच्या मुलांना व्याज मात्र शिकत असतानाच चढायला लागतं. हप्ता तीनशेच्या पुढं जातो. मला विचाराल तर ही २७ हजारांची मर्यादा म्हणजे सरकारनं नकळत दिलेला चांगला सल्ला आहे. पदवीच्या कर्जानं त्यापुढं जाऊच नये.

आता आईचा प्रश्न, डॉक्टर कधी होणार? आई, तिकडं बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस. इथं आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग वेगळी परीक्षा, मग मेडिकलची चार वर्षं. अर्ज करणाऱ्यांतल्या निम्म्यांनाही जागा मिळत नाही. बायोलॉजी घेणारी बरीच मुलं त्याच आशेनं येतात आणि जागा हुकली की हातात नुसती पदवी उरते. तिच्यावर बहुतेकदा मिळतं ते बायोलॉजीच्या लॅब टेक्निशियनचं काम. इथल्या सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ साली त्यांचा मधला पगार वर्षाला ५२ हजार डॉलर होता, सुरुवात त्याहून खाली. देशातल्या सगळ्या नोकऱ्यांचा मधला पगार साडेएकोणपन्नास हजार, म्हणजे पदवीनं फार काही उचललं नाही. नर्सचा मात्र साडेत्र्याण्णव हजारांवर, आणि नर्सिंगची पदवीही चारच वर्षांची. मंडळातले लोक मला हेच ऐकवतात. काही जण अजून कॉम्प्युटरवरच अडून बसलेत.

त्यांचं चूक नाही. पण चिऊला नर्स व्हायचं नाही, आणि डॉक्टरही नाही. मागच्या जूनमध्ये ती डेलावेअर बेच्या किनाऱ्यावर गेली होती. पौर्णिमेच्या भरतीला तिथं हॉर्सशू क्रॅब, म्हणजे घोड्याच्या नालेसारख्या कवचाचे समुद्री जीव, अंडी घालायला वर येतात. लाटांनी उलटे पडले की बऱ्याच जणांना पुन्हा सुलटं होता येत नाही, आणि सकाळी उन्हानं नाहीतर पक्ष्यांनी मरतात. ही पोरं टॉर्च घेऊन त्यांना सुलटं करत फिरतात. शेपटीला धरायचं नाही, कवचाच्या कडेला धरायचं, हे तिनं मला रात्री एक वाजता फोन करून समजावलं. त्यांचं रक्त निळं असतं, आणि लसीत जंतूंचं विष राहिलंय का ते त्याच रक्तापासून केलेल्या रसायनानं तपासतात. आमच्या राज्यात औषध कंपन्या भरपूर, तसल्या तपासणीच्या नोकऱ्याही इथंच. पुढं पीएचडी केली तर बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर विद्यावेतन. स्वतःच्या पैशानं एमएस, म्हणजे मास्टर्स, मात्र करायचं नाही, हे तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

रटगर्सची फी वर्षाला साधारण १८ हजार, ती आम्ही भरू. पहिली दोन वर्षं घरून जाणं-येणं, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. पुढची दोन हॉस्टेल, त्यासाठी तिच्या नावावर १५ हजारांचं कर्ज. हप्ता पावणेदोनशेच्या आसपास, तो तिनंच भरायचा. आणि बाबा, अण्णांच्या टीबीला जी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली होती ना, ते औषध १९४३ साली याच रटगर्समध्ये सापडलं, मातीतल्या जंतूत. चिऊला सांगितलं तर म्हणाली, 'आजोबांना माहीत आहे का?' तेव्हा रविवारी फोनवर मेडिकलचा विषय काढू नका, हा काढा.

एफडी जूनमध्ये पुरी होतेय ती सगळी पुन्हा ठेवू नका. आईच्या मोतीबिंदूपुरते पैसे बाजूला काढा आणि पाऊस लागायच्या आत ऑपरेशन उरकून घ्या. तारीख मिळाली की कळवा, म्हणजे मी तिकीट काढतो.

तुमचा,
बाळू