शेवटच्या ४८ तासांतला संताप

मा. संपादक,

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधी ४८ तास जाहीर प्रचार थांबतो. तापलेली डोकी जरा निवावीत, हा त्याचा उपयोग. पण ते कलम सभा, मिरवणुका, सिनेमा, टीव्ही डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले. समाजमाध्यम कंपन्यांनी २०१९ मध्ये स्वेच्छा आचारसंहिता स्वीकारली, निवडणूक आयोगाने कळवल्यावर तीन तासांत कारवाईचे ठरले. सोसायटीच्या ग्रुपवर मध्यरात्री येणाऱ्या व्हिडिओपर्यंत मात्र ती पोचत नाही.

मतदाराने भावना घरी ठेवून यावे, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, याची चीड मतात उतरायलाच हवी. पण सगळ्या भावना सारख्या नसतात. काळजी वाटली की माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. संतापला की चौकशी थांबते, दोषी कोण हे आधीच ठरते आणि पाऊल झटकन उचलले जाते. शेवटच्या रात्री असा मजकूर सोडला की खुलाशाला वेळच उरत नाही. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची १९८४ ची सहानुभूतीची लाट (काँग्रेसला ४०४ जागा) निदान सर्वांसमोर उघड होती. ग्रुपमधला संताप ज्याच्याविरुद्ध आहे त्याला दिसतही नाही.

अशा मेसेजची तक्रार आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ या तक्रार-ॲपवर करायला गेलात तर अडता. १०० मिनिटांत निपटारा हे त्या ॲपचे बलस्थान, पण फोटो-व्हिडिओ जागेवरच काढावा लागतो. गॅलरीतला स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, किंवा १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन. मूळ मेसेज डिलीट करू नये आणि ‘बघा काय चाललंय’ म्हणून पुढेही ढकलू नये.

चौकशी करायची तर साधन हाताशी आहे. उमेदवाराचे नमुना २६ मधील शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असते. ते बरेचदा पानेच्या पाने असते, म्हणून थेट ‘भाग ब’ उघडावा: प्रलंबित खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण यांचा गोषवारा तिथे मिळतो.

आमची मागणी एवढीच, की हा ‘भाग ब’ मराठीत छापून मतदार चिठ्ठीसोबत द्यावा. मुंबईतल्या ३६ विधानसभा मतदारसंघांत चिठ्ठ्या वाटायला माणसे दारोदार जातातच.

– मतदार जागृतीचे काम करणारे काही नागरिक, परळ, मुंबई