प्लास्टिकच्या लेझर वेल्डिंगची सोय नाशकात हवी

महोदय,

अंबड एमआयडीसीतली वडिलांची छोटी टूलरूम (साचे आणि अवजारं बनवणारा कारखाना) अकरा वर्षं मी सांभाळते आहे. गेल्या वर्षी विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट मोजणाऱ्या चिपचं काम आमच्याकडे आलं. काडेपेटीएवढं अॅक्रिलिक, आत 300 मायक्रॉन रुंदीची नाळी. जस्ताच्या भुकटीने नायट्रेटचं नायट्राइट होतं, मग त्यात ग्रीस अभिकर्मक (नायट्राइटशी रंग देणारं रसायन) मिसळलं की पाणी गुलाबी होतं. रंग जितका गडद तितकं नायट्रेट जास्त. माझ्या काकांची निफाडला द्राक्षबाग आहे. बागेला दिलेल्या युरियाचं मातीत नायट्रेट होतं, ते झिरपून विहिरीत उतरतं आणि चुलतभावाच्या तान्ह्या बाळाचं वरचं दूध त्याच पाण्यात कालवतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. त्यामुळे हे काम मी जीव लावून केलं.

नाळी कोरली, पण झाकण बसेना. चिकटवलं की गोंद नाळीत उतरायचा. चाळीस चिपा फेकून दिल्या. लेझरने सांधावं तर नेहमीच्या पद्धतीत वरचा तुकडा पारदर्शक आणि खालचा काळा लागतो. किरण वरून आरपार जातो, काळ्यात शोषला जातो आणि सांधा तिथेच वितळून एकजीव होतो. पण खाली काळं असेल तर रंग वाचायला उजेड पलीकडे जाणार कसा? त्यावर उपाय म्हणजे दोन मायक्रॉन तरंगलांबीचा लेझर. पारदर्शक अॅक्रिलिकही तो थोडा शोषून घेतं.

हे यंत्र मला पुण्यात मिळालं. वेग जरा वाढवला की नाळी गळते, कमी केला की बुडबुडे धरतात. दोन तुकड्यांत केसभर फट राहिली तरी सांधा धरत नाही, म्हणून सगळी मदार फिक्श्चरच्या (तुकडे जागेवर घट्ट धरणाऱ्या साच्याच्या) सपाटीवर आणि क्लॅम्पच्या दाबावर. दर दुरुस्तीला फिक्श्चर मांडीवर घेऊन मी पहाटेची बस धरली आहे. सपाटी आणि दाब हे तर नाशिकच्या टूलरूमवाल्यांच्या हातचं काम!

निमा आणि आयमा या इथल्या उद्योजक संघटनांनी पुढाकार घेऊन असं एक यंत्र सामाईक सुविधा केंद्रात आणावं आणि आयटीआयच्या मुलामुलींना त्यावर हात बसवू द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझं फिक्श्चर आणि वेग, दाब, शक्ती यांच्या नोंदींची वही मी त्या केंद्राला विनामूल्य देईन.

— एक लघुउद्योजिका, अंबड, नाशिक