विटा फोडण्याचा गेम मुलांनाच करू द्या

महोदय,

माझी नात सातवीत आहे. तिच्या शाळेत आठवड्याला संगणकाचे दोन तास असतात, पण त्यात इनपुट-आउटपुटची व्याख्या वहीत उतरवून घेतात. सहामाहीपर्यंत तिच्या वर्गाचा की-बोर्डला चारदाच हात लागला.

दिवाळीच्या सुट्टीत तिने घरच्या जुन्या लॅपटॉपवर, ‘स्क्रॅच’मध्ये (ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा, फुकट मिळते) विटा फोडण्याचा गेम केला. खाली सरकणारी फळी, वर विटांची भिंत, मध्ये चेंडू. मी २९ वर्षे चादरीच्या कारखान्यात जकार्डची कार्डे (मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डे) पाडली, म्हणून नक्षी माझ्याकडे आली. ग्राफ पेपरवर चौकटी रंगवून दिल्या: ८ ओळी, ओळीत १४ विटा. अटारी कंपनीच्या १९७६ सालच्या ‘ब्रेकआउट’ या विटा फोडण्याच्या मूळ गेममध्येही एवढ्याच होत्या. त्या गेमच्या यंत्रात प्रोसेसर नव्हता, सगळे काम सुट्या चिपांच्या जोडणीवर चाले. पडदा काळा-पांढरा, रंगासाठी त्यावर रंगीत पट्ट्या लावलेल्या. हा गेम आपल्या ‘ॲपल टू’ संगणकावर चालावा म्हणून ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी त्या संगणकात रंग आणि आवाज घातला.

नातीचा गेम मात्र अडला. चेंडू फळीला लागला की आला त्याच रेषेत माघारी जायचा, मागावरच्या धोट्यासारखा. भिंतीत तेवढीच एक फट पडायची. तिने ‘१८० अंश वळ’ असे लिहिले होते. दोन संध्याकाळी ती त्यावर बसली, जेवायला हाक मारली तरी उठेना. शेवटी वहीत बाण काढता काढता तिला उमगले: चेंडू उलटा फिरवायचा नाही, त्याची दिशा १८० मधून वजा करायची. आरशावरून किरण परततो तसा चेंडू निघाला आणि ती ओरडलीच, “आजोबा, बघा!” मग फळीच्या मधोमध लागला तर सरळ, कडेला लागला तर तिरपा, हेही तिनेच बसवले. कोन, वजाबाकी, ऋण संख्या, सगळे त्या दोन संध्याकाळींत आले.

शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. संगणकाच्या दोन तासांपैकी एक तरी तास मुलांना असे काही करायला द्या. ‘स्क्रॅच’ला भारी यंत्र लागत नाही. चुका होतील, होऊ द्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही शाळेने हे मनावर घेतले तर ग्राफ पेपरवर नक्षी मांडून द्यायला मी येईन. दुपारी दोननंतर मोकळाच असतो.

– एक निवृत्त कार्ड पंचर, अशोक चौक, सोलापूर